बिनब्रेकच्या विमानाची पूजा

चाकांखालची लिंबं फुटली आणि विमान चालायला लागलं.

आत मी एकटी होते, पुढच्या बैठकीत, पदर खोचून बसलेली. विमानाचा लाकडी पंखा हातानं फिरवायला माझा धाकटा भाऊ समोर उभा होता आणि आता तो दिसत नव्हता. हे विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा त्याचं नाक आभाळाकडं असतं. आत बसणाऱ्याला समोरचं काहीच दिसत नाही. भाऊ बाजूला झाला की पंख्याखाली सापडला, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. झेंडूच्या पाकळ्या तोंडावर आदळत होत्या. पुढं तूर होती, तुरीच्या पलीकडं विहीर, आणि या विमानाला ब्रेक नसतो.

नसतो म्हणजे नसतोच. बिघडलेला नव्हता. बनवणाऱ्यांनीच ठेवलेला नाही. हे आधी सांगून टाकते, कारण ज्याला ज्याला हे सांगितलं त्यानं मला हेच विचारलं, की आक्का, ब्रेक का नाही दाबला. सायकलला असतो, बैलगाडीला सुद्धा खुट्टी असते, पण या विमानाला नाही. शेपटीखाली लोखंडाची एक पट्टी असते, ती जमिनीवर घासत जाते, तेवढाच काय तो अडथळा.

मी लासूर स्टेशनला राहते. शाळा चौथीपर्यंत. भाऊ माझ्याहून धाकटा, तो हवाई दलात इंजिनं दुरुस्त करायला होता. रिटायर झाल्यावर त्यानं शहराच्या कडेला, पडेगावला घर बांधलं. घरामागं थोडं रान आहे, त्यात एक पत्र्याची शेड. त्याचा एक दोस्त आहे, जुन्या शहरातला, आयुष्यभर पोरांना विमान चालवायला शिकवलेला. त्याला आम्ही सगळे कप्तानसाहेब म्हणतो. या दोघांनी मिळून एका बंद पडलेल्या क्लबातून हे विमान भंगारात घेतलं. ट्रकमधून आलं. धड एकीकडं, पंख एकीकडं, आणि खिळे-नट सगळे गोणीत.

भावजय दारात उभी राहून म्हणाली, "लोकं रिटायर झाल्यावर देवाला जातेत. ह्यांनी भंगार आणलं."

"भाबी, भंगार नक्को बोलो," कप्तानसाहेब म्हणाले. "ये टायगर मॉथ है. जंग का है."

"जंग तर दिसायलाच लागलाय," ती म्हणाली.

टायगर म्हणजे वाघ आणि मॉथ म्हणजे दिव्यावर येतो तो पतंग. वाघाचं त्यात काही नाही, पतंगाचं मात्र सगळं आहे. एकावर एक असे दोन जोडी पंख, तेही लाकडाच्या काड्यांचे, वरून कापड ताणलेलं. धड लोखंडी नळ्यांचं, त्यालाही कापडच. उघड्यावर एकामागं एक दोन बैठका. डोक्यावर छप्पर नाही, पुढं इवलीशी काच. पेट्रोलची टाकी वरच्या पंखात, बसणाऱ्याच्या डोक्याच्या पुढं. तिथून पेट्रोल आपोआप खाली इंजिनात उतरतं, नळाला पाणी यावं तसं. त्याला पंप नाही. बॅटरी नाही. दिवा नाही. इंजिन तर उलटं टांगलेलं, सिलिंडर खाली डोकं करून. मी भावाला म्हणाले, "आरं, घाईत उलटं बसवलंस का?" तो म्हणाला, "उलटंच असतंय, आक्का. पंखा उंच राहतो, जमिनीला लागत नाय."

लढाईतलं विमान म्हटल्यावर मला वाटलं यानं बॉम्ब टाकले असतील. तसं नाही. यानं लढाईत शाळामास्तराचं काम केलं. दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा विलायतेला पोरं हवी होती, विमान चालवणारी, हजारोंनी. शेतावरची, दुकानातली, कारकुनी करणारी. त्यांना एकदम लढाऊ विमानात बसवलं तर पोरंही मरायची आणि विमानंही जायची. म्हणून आधी यात बसवायचे. मास्तर पुढं, पोरगं मागं. मधे एक रबरी नळी, एका टोकाला मास्तरचं तोंड, दुसऱ्या टोकाला पोराचे कान. मास्तर शिव्या द्यायचा त्या पोराला नीट ऐकू जायच्या, आणि पोराला उत्तर देता यायचं नाही असं नाही, पण कुणी देत नसे. विलायतेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात सगळीकडं हेच. आपल्याकडं हैदराबादच्या बेगमपेठेतही हीच विमानं होती. तिथं शिकलेली आपली पोरं पुढं ब्रह्मदेशाकडं लढायला गेली. कप्तानसाहेबांचे मास्तर त्यातलेच एक.

चिमटीत धरावं असं हे विमान, पण इंग्रजानं त्याच्याकडून काय काय करून घ्यायचा विचार केला ते ऐकून मला हसू आलं. जर्मन समुद्रावरून चालून येतील अशी धास्ती पडली तेव्हा याच्या पोटाखाली लहान लहान बॉम्ब अडकवायची सोय केली. पाणबुडी दिसती का बघायला किनाऱ्यावर फिरवलं. पाणबुडी दिसली असती तरी हे काय करणार होतं कुणास ठाऊक. एकानं तर याला विळा बसवला. लांब दांड्याचा विळा, छत्रीनं उतरणाऱ्या शिपायांच्या छत्र्या वरच्या वर कापायला. तो करून बघितला आणि मग सोडून दिला. हे ऐकून भावजय म्हणाली, "आपल्या ज्वारीला आणा म्हणावं." याच्याच जातीचं एक विमान माणसाशिवाय उडायचं, खालून बिनतारी यंत्रानं चालवलेलं. त्याच्यावर तोफा डागून गोलंदाज शिकायचे. म्हणजे आज ज्याला ड्रोन म्हणतात आणि लग्नात फोटो काढायला उडवतात, ते तेव्हाच करून झालं होतं.

ताकद म्हणाल तर तीन ट्रॅक्टरची. वेग म्हणाल तर समृद्धी महामार्गावर आपली पोरं गाडी पळवतात त्याच्या आसपास. टाकी भरली की पुण्याला जाऊन परत यावं एवढा पल्ला, तोही वारा आडवा आला नाही तर. उतरताना इतकं हळू की खालून मोटरसायकलवाला बरोबर चालेल. कोलांट्या मारतं, गिरक्या घेत खाली येऊन परत सावरतं. फक्त फार वेळ उलटं ठेवलं तर इंजिन बंद पडतं, कारण पेट्रोल वरून खाली यायचं असतं आणि वर-खालीच बदललेलं असतं.

मी कप्तानसाहेबांना विचारलं, यापेक्षा चांगलं विमान नव्हतं का शिकवायला.

"था ना, आपा. पण त्याच्यात पोरगं शिकत नाय. हे कसं आहे, चूक करू देतं. मारत नाही. पण चूक झाली की लगेच दाखवतं, सगळ्यांसमोर. सीखने को आसान, अच्छा उड़ाने को मुश्किल."

या विमानात माझं काय काम, तर शिवण. पंखाच्या काड्यांवर कापड चढवलं की ते लांब सुईनं आरपार शिवून प्रत्येक काडीला बांधायचं असतं, नाहीतर हवेत कापड काडीपासून सुटतं. भावानं मला लासूरहून बोलावलं. मला वाटलं, कापड गुलमंडीच्या बाजारातून आणायचं असेल, घासाघीस मीच करीन. तर ते कापड विलायतेहून पार्सलनं आलं, मेणाचा दोराही. मी आयुष्यभर गोधड्या शिवल्या, तेव्हा हे काय, म्हणून बसले आणि एका पंखाची निम्मी शिवण घातली. कप्तानसाहेबांनी चष्मा लावून बघितली आणि कात्रीनं सगळी उसवली.

"टाका मजबूत है, आपा. गाठ गलत है. इसमें हर टाके को गाठ अलग. एक टाका तुटला तर बाकीचे सुटायला नको."

गोधडीला दोरा सलग जातो. इथं प्रत्येक टाक्याची गाठ वेगळी, ठरलेली, एकाच पद्धतीची. मला राग आला, पण बरोबर होतं ते. पुन्हा शिकले. पावसाळाभर मी पडेगावलाच राहिले. शेडमध्ये सुई चालू असताना या दोघांचं एकच चालायचं, बटणं, बटणं आणि बटणं. इंजिनाला ठिणगी द्यायला दोन यंत्रं असतात, एक गेलं तर दुसरं चालावं म्हणून. त्यांची दोन बटणं पुढच्या बैठकीजवळ आणि तशीच दोन मागच्या बैठकीजवळ. तीही आत नाहीत. बाहेरच्या अंगाला, डाव्या हाताला, काचेच्या शेजारी, म्हणजे पंखा फिरवणाऱ्याला समोरून दिसावीत. वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. आपल्या घरात बरोबर उलटं असतं. आपण दिवा लावायला बटण खाली करतो. या दोघांनी ते इतक्यांदा घोकलं की मला झोपेतही पाठ झालं. भावजय शेडमध्ये चहा ठेवायला यायची आणि जायची. तिनं कशाला ऐकावं.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं, अवजारं, वाहनं पुजायची आमच्याकडं पद्धत आहे. नांगर, विळे, कोयता, भावाची स्कूटर, ट्रॅक्टर. त्या वर्षी विमानही शेडबाहेर काढलं. पंख बसवून झाले होते, रंग चढला होता. उडवायची परवानगी यायची होती, पण इंजिन जमिनीवर चालवून बघत होते. त्या सकाळीही चालवलं होतं, ते अजून गरम होतं. चाकांपुढं लाकडाचे ठोकळे लावून उभं केलेलं. ब्रेक नसलेल्या विमानाचा ब्रेक म्हणजे ते ठोकळे.

आम्ही चौघंच होतो. सगळ्यांच्या चपला-बूट भावजयीनं शेडपाशी काढायला लावले. कप्तानसाहेब म्हणाले, आपाला पुढं बसू दे, पंख तिनं शिवले, फोटो काढू. भावानं मला हात देऊन चढवलं. मी बुटकी. आत बसल्यावर माझं नुसतं डोकं काठाबाहेर. बाहेर काय चाललंय ते अर्धं दिसत होतं, बाकीचं नंतर कळलं.

भावजय नेटकी बाई आहे. पूजा करते तर पुरी करते. पंख्याला हळदीकुंकू, चाकांना, पंखांना, शेपटीला. मला नाही लावलं, मी विधवा. मला त्याचं काही वाटत नाही, उलट तेलकट हात तोंडाला लागला नाही. मग तिनं बटणांना कुंकू लावलं, चारही बटणांना, पुढच्या आणि मागच्या. कुंकू आपण कपाळाला लावतो तसं, बोट खालून वर. बटणं लहान आणि ढिली. बोटाबरोबर तीही वर गेली.

नंतर माळा. एक माळ तिनं माझ्या पुढच्या काचेवर टाकली, ती बाहेरून लोंबत बटणांवर आली. तिचं एक टोक आत माझ्या डाव्या हाताच्या दांड्याला बांधलं. तो इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा. माळ सैल वाटली म्हणून तिनं काचेकडून ओढून ताणली. दांडा पुढं सरकला. पुढं म्हणजे जास्त, हे मला नंतर कळलं.

मग ती लिंबं घेऊन खाली वाकली. ठोकळे होते तिथं लिंबं मावत नव्हती, म्हणून ठोकळे काढून तिनं बाजूला ठेवले, एकावर एक, नीट रचून. भाऊ तेव्हा हौदावर हात धूत होता. कप्तानसाहेब पंखाच्या टोकापाशी फोनमध्ये डोकं घालून फोटो काढायचं बटण शोधत होते.

नारळ फुटला. भावजय म्हणाली, "आता चालू करा. लिंबावरून न्यायला लागतंय."

"नको भाबी, आज बस," कप्तानसाहेब म्हणाले. "सुबह चलाया ना."

"मग लिंबं काय लोणच्याला ठेवलीत? नुसतं पुजून ठेवत नसतेत. हलवायला लागतंय एकदा तरी."

सणाच्या दिवशी घरात कटकट नको म्हणून भावानं मधला मार्ग काढला. बटणं बंद ठेवून पंखा हातानं एकदा फिरवायचा. झालं हलवून. तो समोर आला. बटणं माळेखाली झाकलेली. एरवी तो स्वतः बघितल्याशिवाय पंख्याला हात लावत नाही. त्या दिवशी त्यानं बायकोला विचारलं.

"बटणं बंद हायत का गं?"

तिनं माळ उचलून बघितली. बटणं वर होती. तिच्या घरातली बटणं वर असली की दिवा बंद असतो.

"व्हय. बंदच हायत," ती म्हणाली.

भावानं पंखा ओढला. गरम इंजिन एका झटक्यात पेटलं.

आता परत तिथं येते. विमान चालत होतं, आधी बैलाच्या चालीनं, मग रानाला उतार आहे तिथं भरभर. भाऊ कुठं होता ते मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं की तो पंखा फिरतोय तोवर जो कुणी त्याच्या पुढं असेल तो मरणार, आणि पुढं माझा भाऊ आहे. विहिरीचं मला तेव्हा काही सुचलं नाही. विहीर नंतर.

मी डावा हात काठाबाहेर काढला. हाताला नुसता झेंडू लागला. माळ ओढली तर ती वाऱ्यानं उलटी माझ्याच तोंडावर आली. दोरा बोटात रुतला. पुन्हा चाचपलं. एक बटण लागलं, कुंकवानं चिकट झालेलं. खाली दाबलं. इंजिन चालूच. आवाज तेवढा जरा बदलला. दोन यंत्रं असतात, एक गेलं तर दुसरं चालतं, हे मी पावसाळाभर ऐकलं होतं, आणि त्या क्षणी मला त्या शहाण्या इंग्रजाचा फार राग आला. तेवढ्यात विमान डावीकडं वळायला लागलं. का वळतंय ते मला कळलं नाही. मी दुसरं बटण शोधलं आणि खाली दाबलं.

पंखा दोन-तीनदा अडखळला आणि थांबला. एकदम सामसूम. विमान तसंच घरंगळत तुरीत शिरलं. तूर माझ्या डोक्याएवढी उंच, ती पंखाला, तारांना सटासट लागत होती, आणि मग सगळंच थांबलं. डाव्या पंखाच्या टोकाला कप्तानसाहेब लोंबकळत होते. अनवाणी पळत येऊन त्यांनी टोक धरलं होतं, म्हणून विमान विहिरीची वाट सोडून वळलं. आता ते तुरीत बसून धापा टाकत होते.

"भाऊ कुठंय?" मी विचारलं.

त्यांनी नुसतं मागं बोट दाखवलं. बोलायला श्वास नव्हता त्यांच्याजवळ. मागून भावजयीचं रडणं ऐकू आलं. त्यावरून काही कळेना, ती दूध उतू गेलं तरी रडते. मी उतरायला पाय बाहेर काढला.

"आक्का, हाल नको. पंख्याला कुणी हात लावू नका," मागून भावाचा आवाज आला. "चारी बटणं खाली करा आधी. मागची बी."

मग मी पाय आत घेतला आणि परत बैठकीत बसले. मागची बटणं कप्तानसाहेबांनी खाली केली.

तो जमिनीवर पडलेला होता. इंजिन पेटताच मागं सरायला गेला आणि नारळाच्या पाण्यावर पाय सटकला. तो आडवा पडला, गडगडत बाजूला झाला आणि पंख त्याच्या अंगावरून गेला. चाक मात्र अनवाण्या पायावरून गेलं. विमान हलकं असतं, पण इतकंही नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पायावरून काय गेलं.

"विमान," भाऊ म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या डोक्याचाही फोटो काढायला सांगितला.

आठवड्यानं एका सकाळी चहा देताना भावजय भावाला म्हणाली, "घरात बटण वर म्हणजे बंद. तुमच्या विमानाचंच उलटं हाय, त्याला मी काय करू?" भाऊ म्हणाला, "तुला नाय म्हणत मी. बघायचं काम माझं होतं." कप्तानसाहेबही म्हणाले, माझंही होतं. एवढ्यावर ते मिटलं. त्यानंतर शेडमध्ये एक नियम झाला, पूजा करायची तर पंखाच्या टोकाला, इंजिन थंड असताना आणि ठोकळे जागेवर. भावजयीनं तो मान्य केला, पण लिंबाशिवाय पूजा तिला पटलेली नाही.

विमानाच्या खालच्या पंखाची शिवण दोन हात उसवली होती. ती मी परत घातली. लाकडी पंखा तुरीतून जाऊनही शाबूत होता, कारण तोवर तो थांबला होता. विहिरीला भावानं कठडा बांधून घेतला.

भाऊ जगला. डाव्या पायाची दोन बोटं गेली, काठी घेऊन चालतो. कप्तानसाहेब जगले, त्यांचा खांदा थंडीत दुखतो. भावजयीला खरचटलंही नाही. मी आहे.